मायाक्का आत्याचं पुढचं दार

मायाक्का आत्या आमच्याकडे आली, की आधी भांडायची आणि मग चप्पल काढायची. सोलापुरात शुक्रवार पेठेत पहिल्या मजल्यावर माझं घर आणि घरातच ब्लाउज शिवायचं मशीन. जिन्याच्या मध्यावर असतानाच तिचा आवाज सुरू व्हायचा. "ह्यो जिना हाय का डोंगर? गुडघं फुटलं माजं! जमिनीवर जागा संपली व्हती काय गं?" मग मी वाळले म्हणून बोलणी, कंडक्टरनं गाडी पुढं नेऊन थांबवली म्हणून त्याला बोलणी, खालच्या दुकानदारानं मोटरसायकल आडवी लावली म्हणून त्याला. सगळ्यांचं झालं, की चप्पल काढून आत यायची आणि पिशवीतून शेंगाची चटणी, दशम्या, कधी हुरडा काढून माझ्या मशीनवरच मांडायची. कपड्याला तेल लागेल म्हटलं, तर पुन्हा सुरू.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. मंद्रूपच्या पलीकडच्या खेड्यात दिलेली. मामा, म्हणजे तिचे यजमान, लवकर गेले. दोन मुलगे, थोरला म्हाळू आणि धाकटा बिरू. आणि मेंढरं. ती मेंढरं तिच्या बापानं लग्नात आंदण दिलेली, त्यांचीच पुढची पिलावळ. हे ती कुणाला विसरू देत नसे. मला सून करून घ्यायचा तिचा एके काळी बेत होता. मी नको म्हटलं, त्याचा राग तिनं शेवटपर्यंत धरला आणि माया तेवढीच केली. "म्हाळ्याला न्हाय म्हनलीस, शानी निगालीस," असं नंतर नंतर ती स्वतःच म्हणायची.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मला इचारलं व्हतं का?" शेजाऱ्यानं भिंतीला हिरवा रंग दिला, की "मला इचारलं व्हतं का?" मी केस कापले, तरी तेच. एकदा अवकाळी गारा पडल्या, तेव्हा आभाळाकडं तोंड करून तिनं हाच प्रश्न विचारला होता. आम्ही पोरं हसायचो. तिलाही हसू यायचं, पण दाबायची.

त्या घरात मेंढरामागं कोण जाणार, हे दरवर्षी ठरायचं. पावसाळा सरला, की कळप घेऊन एकानं लांब चाऱ्याला निघायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परतायचं. भावकी बिरोबाच्या देवळापुढं बसायची. थोरले मामा, म्हणजे आत्याचे मोठे दीर, नाव घ्यायचे. ज्याच्यामागं बायकापोरं नाहीत त्याचं नाव, म्हणजे दरवर्षी बिरूचंच. तो खांद्यावर घोंगडं टाकायचा आणि निघायचा. परत आला, की उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. आत्या तांब्या घेऊन बाहेर यायची, त्याच्या पायांवर पाणी घालायची, मग तो आत. पायावर पाणी पडल्याशिवाय कुणी घरात येत नसे. पाणी घालताना ती ओरडायची, "किती ही घान! सगळा मुलूख पायाला लावून आनलास व्हय रं?"

म्हाळू मेंढरामागं कधी गेलाच नाही. तो पांढरे कपडे घालायचा, पुढाऱ्यांच्या मागं फिरायचा, पंचायतीला उभं राहायचं म्हणायचा. भावकीला त्याचं कोण कौतुक! आणि त्याच्याकडं पिकअप गाडी होती.

त्या दिवशी दोघं भाऊ सोलापूरच्या बाजारात बोकडं विकून परत निघाले. म्हाळू चालवत होता, वाटेत प्यायलेला. बिरू मागं हौद्यात झोपलेला. दिवस मावळताना एका सायकलवाल्याला धडक बसली. शेजारच्या वाडीचा माणूस, दुधाच्या किटल्या घेऊन घरी चाललेला. म्हाळूनं गाडी थांबवली नाही. तो माणूस रस्त्याच्या कडेलाच गेला.

आत्या तेव्हा माझ्याकडं होती, डोळे दाखवायला आलेली. तिकडं भावकी बसली आणि थोरल्या मामांनी नाव घेतलं. बिरूचं. म्हाळ्याला लेकरं आहेत, त्याला पंचायतीला उभं राहायचंय, बिरूमागं कोण आहे? मेंढरामागं जातो तसा जाऊन येईल. तसंच ठरवलं हो त्यांनी, अगदी तसंच! एका माणसाचा जीव गेला होता आणि हे बसून कळपामागं कोण जाणार ते ठरवत होते. सकाळी बिरू पोलीस ठाण्यात जाऊन सांगून आला, गाडी मी चालवत होतो. आणि एवढ्या शहाण्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नाही, की बिरूकडं गाडीचं लायसनच नाही. लायसन म्हाळूकडं होतं. धडक मारून पळाला हे एक, विनालायसन चालवत होता हे दुसरं. भावाला वाचवायला त्यांनी गुन्हा वाढवून दिला.

निरोप आला तशी मी तिच्यासोबत गावी गेले. एसटीतून उतरली ती स्वतःच्या घरी गेलीच नाही, थेट थोरल्या मामांच्या अंगणात. मामा बाजेवर बसले होते.

"दादा, माजं लेकरू दिऊन टाकलंसा. मला इचारलं व्हतं का?"

मामा म्हणाले, "माया, घराचा इचार करावा लागतू. म्हाळ्या गेला तर त्याची लेकरं उघडी पडत्याल."

"आन बिरू काय वळचणीला पडलेला व्हता? त्याचं लगीन करत न्हाईसा, का, तर त्यो मेंढरामागं असतू. मेंढरामागं धाडता, का, तर त्याचं लगीन न्हाय. आता जेलात, का, तर त्याला कोन न्हाय. मी मेले काय रं? मी त्याची कोन हाय?"

त्या दिवशी कुणी मान वर केली नाही. आजही त्या तोंडांची मला चीड येते.

म्हाळू घरात कोपऱ्यात बसला होता. तिनं त्याला मारलं नाही. "चल ठाण्यात, माज्यासंगट. खरं सांग," एवढंच म्हणाली. तो रडला, पाया पडला, पोरांना पुढं केलं. ठाण्यात काही गेला नाही.

मग ती आणि मी वकिलाकडं गेलो. वकील म्हणाले, "आजी, मुलगा स्वतः कबूल करतोय. तुम्ही गाडीत होता का? बघितलंत का?" बघितलं नव्हतं. जामिनावर सुटून आलेल्या बिरूलाच तिनं धरलं. महिनेच्या महिने, तारखेमागून तारीख, ती एकच गोष्ट करत होती. निकालाआधी बिरूनं खरं बोलावं. जेवताना, झोपताना, रस्त्यानं चालताना. "बोल की रं. तोंड हाय का न्हाय तुला?" आणि तो मुखदुर्बळ मुलगा एकच उत्तर द्यायचा, "आये, म्या सबूद दिलाय." शेवटी एकदा म्हणाला, "तू जज्जाफुडं बोललीस, तर म्या सांगंन, माजी आई म्हातारी झाली, भरमलीया." ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

निकालाच्या दिवशी ती घोंगडं घेऊन आली. बिरूचं, काळं, मेंढरामागं जाताना न्यायचं. शिक्षा लागली. भावकीतली चारदोन माणसं कोर्टाच्या आवारात लांब, चहाच्या गाडीपाशी उभी होती. म्हाळू आलाच नव्हता. पोलीस बिरूला गाडीकडं नेताना आत्या बरोबरीनं चालत राहिली. मला वाटलं, आता तरी रडेल. कसली रडते!

"दात घासत जा. कुनाच्या नादाला लागू नगंस. देतील ते गप खा, नाकं मुरडू नगंस. आन बिऱ्या, ऐक. आत कुनी काय बी करू दे, दुसऱ्याचं काय आता अंगावर घिऊ नगंस. येकदा घेतलंस तेवढं लई झालं. मुडद्या, ऐकतुयास न्हवं?"

"व्हय," बिरू म्हणाला. घोंगडं नेता येणार नाही, असं पोलिसानं तिला समजावून सांगितलं. ती त्याच्याशीही भांडली. मग घोंगडं उराशी धरून माझ्याकडं आली आणि संध्याकाळपर्यंत मशीनशेजारी बसून राहिली. मी ब्लाउज शिवत होते.

दुसऱ्या दिवशी गावी जाऊन तिनं तेच घोंगडं म्हाळूच्या पांढऱ्या सदऱ्यावर टाकलं. "बिरू आत हाय तवर मेंढरामागं तू. जायाचं नसंल तर सगळी मेंढरं उद्या बाजारात नेते. माज्या बापाची हायती, कुनाला इचारायची न्हाय मी." थोरले मामा मध्ये पडायला आले. त्यांना तिनं पायरीवरूनच माघारी लावलं. म्हाळू गेला. पायांना फोड आले, कुत्र्यांनी धरलं, पावसात भिजला. बातम्या यायच्या. आत्या ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची.

जेलातल्या मुलाखतीच्या दिवशी ती पहाटेची गाडी धरून सोलापुरात यायची. मी तिच्यासोबत जायची. बाकीच्या बाया जाळीपलीकडच्या माणसाला बघून रडायच्या. ही बोलणी सुरू करायची. "केस किती वाढवलंस रं! दाढी कर. वाळलास का? जेवत न्हाईस?" मग मेंढरांचं. भुंडी व्याली, चांदी लंगडते, थोरल्या एडक्यानं म्हाळ्याला पाडलं. एडक्याचं ऐकून बिरू हसायचा. तेवढं हसणं बघायला ती यायची, असं मला वाटतं. बोलण्याची वेळ संपली, की कुणाशी न भांडता बाहेर यायची आणि रस्ता ओलांडताना माझा हात धरायची.

त्याच काळात ती एकदा त्या वाडीला गेली, मेलेल्या माणसाच्या घरी. मी सोबत होते. त्याची बायको कस्तुराबाई म्हशीला पेंड घालत होती. आत्यानं आडवळण घेतलंच नाही. "तुज्या मालकाला माज्या थोरल्यानं उडीवलं. आत गेलाय त्यो धाकटा. जा, पोलिसात सांग. मी येते तुज्यासंगट."

कस्तुराबाईनं हात धुतले. बराच वेळ धूत होती. म्हणाली, "मी आता कुटं कोर्टात फिरू, मावशी? म्हशी कोन बघनार? त्याला म्हनावं, माज्या दारात यिऊन माज्या तोंडाफुडं सांग. त्या येळंला माजा मानूस जिता व्हता का मेलेला, त्यानं वळून तरी बघितलं का, येवढं सांग. बाकी काय नगं मला."

परतताना आत्या वाटेत कुठंही भांडली नाही.

बिरू सुटला, त्या दिवशी म्हाळूही कळप घेऊन परत आलेला. दोघं भाऊ उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत्या तांब्या घेऊन आली. बिरूच्या पायांवर पाणी घातलं, वाकून हातानं पाय चोळले आणि उभी राहून त्याच्या थोबाडीत दिली. सणसणीत! "मला इचारलं न्हाईस म्हनून. जा आता, ज्येव."

मग म्हाळू पाय पुढं करून उभा राहिला. त्यानं मेंढरं राखली होती, त्याला वाटलं, फिटलं.

"तुज्या पायावर पानी न्हाय," आत्या म्हणाली. "आदी कस्तुराच्या दारात जा. ती काय इचारती त्येचं खरं सांग. मग हितं ये. तुजं पाय मी चाटून पुशीन."

तो गेला नाही. गोठ्यातून वळसा घालून मागच्या दारानं आत आला. बायकोनं कडी काढली. दुसऱ्या दिवशीही तसाच आणि तिसऱ्याही. आत्या पुढच्या दारात तांब्या भरून बसायची, मागची कडी वाजली, की तिथूनच ओरडायची, "पुढनं ये!" वर्षं गेली. बिरूचं लग्न तिनं स्वतः जमवलं, भावकीत कुणालाही न विचारता. नातू झाला. मेंढरामागं जायची पाळी म्हाळूकडंच राहिली. तांब्या तिथंच. म्हाळू आपल्याच घरात चोरासारखा ये-जा करत राहिला. लोक मला म्हणायचे, अगं, तुझी आत्या फार ताणते, आईनं असं करू नये. माझं डोकं फिरायचं. जिचा माणूस रस्त्यावर मेला तिला एक वाक्य हवं होतं, आणि ताणत होती म्हणे आत्या!

यंदा थंडीत आत्या गेली. भांडता भांडताच गेली, औषध कडू आहे म्हणून. मी पोचले तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं. अंगण माणसांनी भरलेलं. बिरू तिच्या पायाशी बसून होता. आणि बायकांत, तुळशीकट्ट्यापाशी, डोक्यावरून पदर घेऊन कस्तुराबाई बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आपली आपण आली होती.

मेंढरामागून म्हाळू आला. खांद्यावर तेच घोंगडं. त्यानं आईकडं बघितलं, मग कस्तुराबाई दिसली. तिनंही मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि थांबली. सगळं अंगण थांबलं. वाडीला जायचीही गरज नव्हती आता. चार पावलं टाकायची आणि तोंड उघडायचं. आई समोर पडलेली. मला वाटलं, आज तरी.

म्हाळूनं मान खाली घातली आणि गोठ्याकडं वळला.

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मी उठले, स्वयंपाकघरातून मागं गेले आणि दाराला आतून कडी घातली. वर अडसर सरकवला. म्हाळूची बायको माझ्याकडं बघत राहिली, पण तिनं मला अडवलं नाही.

बाहेरून दार ढकललं गेलं. मग कडी वाजली.

"कोन हाय आत? उघड की," म्हाळू म्हणाला. "आईला बघू दे मला."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"पुढनं ये," मी म्हणाले.