ठाऊक असलेल्या माणसांचं रक्त

ग्रेगरी सरांची आणि माझी ओळख झाली तीच मुळी सुई टोचून. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझा पहिला दिवस, सर तिथले मुख्य टेक्निशियन. सरांनी माझा अर्ज वाचला नाही की प्रमाणपत्रं पाहिली नाहीत. समोर बसले, डाव्या हाताची बाही वर सरकवली आणि म्हणाले, "घ्या रक्त." लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याची सुरुवात त्याच हातावर व्हायची. माझी सुई दोनदा चुकली. सर छताकडे बघत म्हणाले, "घाबरू नको बाय. हा कॉमन नळ हाय, सगळे इथंच भरून जातात."

मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले त्याला चांगली बावीस वर्षं उलटली होती. मधल्या काळात लग्न, लालबागचा संसार आणि दहावीच्या मुलांच्या शिकवण्या. बेडकाचं हृदय मी हजार वेळा फळ्यावर काढलं असेल, पण जिवंत माणसाची शीर एकदाही शोधली नव्हती. मुलगी कॉलेजात गेल्यावर मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला. सासूबाई म्हणाल्या, "या वयात लोक रक्त तपासून घ्यायला जातात, तू तपासायला निघालीस." बोलल्या ते खोटं नव्हतं म्हणा! सहा महिने शिकाऊ म्हणून काढायचे, मग मोठे डॉक्टर ठरवणार, ठेवायचं की नारळ द्यायचा. आणि मला ती नोकरी हवी होती, अगदी हवीच होती.

सर ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत जन्मलेले, आता निवृत्त होऊन तिथेच कॅरम कुटत बसतात. उंच, किडकिडीत, आणि कोटाच्या खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. ज्याला टोचलं त्याला एक गोळी, मग तो ऐंशी वर्षांचा का असेना. (डायबेटिसवाल्याला मात्र नुसता नमस्कार.) एक नियम ते दिवसातून दहा वेळा ऐकवायचे. पेशंटचं नाव आपण घ्यायचं नाही, त्याला सांगू द्यायचं, आणि लेबल तिथल्या तिथे नळीवर चिकटवायचं. मी सवयीने "पाटील काका ना?" असं विचारलं की सर मागून खाकरायचे. "माणसं लई भली असतात बाय. तू 'राष्ट्रपती का?' असं विचारलंस तरी मान डोलवतील."

सहा महिने संपायला आठवडा राहिला असताना आमच्या चाळीतले अण्णा आणि माई, नवराबायको, तपासणीला आले. वीस वर्षांचे शेजारी, त्यांना काय नाव विचारायचं? आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असं तोंडावर नाव विचारणं म्हणजे उद्धटपणा. माईंच्या गुडघ्याची चौकशी, अण्णांच्या गावच्या घराची कौलं, सगळं साग्रसंगीत झालं. बोलता बोलता मी दोघांचं रक्त घेतलं, दोन्ही नळ्या एकाच ट्रेमध्ये ठेवल्या आणि ते गेल्यावर सावकाश लेबलं लावली.

दुपारी मशीनने आकडे दिले. अण्णांची साखर अगदी नॉर्मल! पंधरा वर्षांचा डायबेटिस, त्यात गुपचूप मालवणी खाजा खाणारा माणूस. आणि ज्या माईंना कधी साखरेचा स पण ठाऊक नाही, त्यांची साखर भरमसाट. म्हणजे लेबलं उलटी लागली होती. रिपोर्ट अजून बाहेर गेले नव्हते, कुणी पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटरवर दोन नावं इकडची तिकडे केली की झालं. खोटं कशाला बोलू, माझं बोट कीबोर्डवर गेलंही होतं. पण धीर होईना. उठले आणि सरांपुढे जाऊन सगळं ओकून टाकलं.

सर ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अदलाबदलच झाली कशावरून?"

"सर, अण्णांना साखर आहे. मला ठाऊक आहे ना!"

"ठाऊक हाय म्हणूनच तर नाव नाय विचारलंस," सर म्हणाले. "फेक दोन्ही."

दोन्ही नळ्या गेल्या. चुकांच्या वहीत माझ्या हाताने, माझ्या नावाने नोंद झाली. ती वही डॉक्टर दर शनिवारी वाचत. संध्याकाळी चाळीत जाऊन मी दोघांना पुन्हा उपाशीपोटी यायची विनंती केली. दुसऱ्या दिवशी अण्णांना म्हटलं, पूर्ण नाव सांगा. अण्णा असे भडकले! "वीस वर्सां माझ्या गणपतीक येतस नि आता माझा नाव इचारतस?" मी मान खाली घालून म्हटलं, हो, सांगा. त्यांनी वडिलांच्या नावासकट असं ठणकावून सांगितलं की अख्ख्या रांगेला पाठ झालं. सर मागे उभे होते, या वेळी खाकरले नाहीत.

तो शनिवारच होता. दुपारी डॉक्टरांनी वही वाचून सरांना विचारलं की हिचं काय करायचं. सर म्हणाले, "चूक हिनं केली, पकडली पण हिनंच. मला तर पत्ताच नव्हता. ठेवा हिला." आणि मला ठेवलं.

सकाळच्या दोन्ही नळ्या सरांनी स्वतःच मशीनला लावल्या होत्या; बाहेर आल्यावर त्यांनी त्या दुसऱ्या तपासणीचे रिपोर्ट माझ्या हातात दिले. मी वाचले, पुन्हा वाचले. अण्णांची साखर नॉर्मल. माईंची भरमसाट. लेबलं पहिल्यापासून बरोबर लागली होती. अण्णा तीन महिने खाजा सोडून रोज प्रभादेवीपर्यंत चालत होते, त्यावर चाळीत कुणाचा विश्वास नव्हता, माझाही नव्हता. आणि माईंना खरोखरच डायबेटिस झाला होता. मी त्या दिवशी नावं बदलली असती तर माईंना "ठणठणीत आहात" असा कागद माझ्याच हाताने दिला असता.

मला तिथेच, कॉरिडॉरमध्ये, हुंदका आला. सरांनी थोडा वेळ रडू दिलं, मग माझ्या हातातले कागद हळूच काढून घेतले.

"रड बाय, पोटभर रड. पण माईचा रिपोर्ट नको भिजवू. तो तिला आजच पोचायला हवा."