आबांचा जबाब

खात्यातली बरीच प्रकरणं मी विसरलो, हे एक मात्र विसरता आलं नाही. कागदावर ते सहा दिवसांत निकाली निघालं होतं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. एका म्हाताऱ्याचं त्यात जे गेलं, ते मला परत देता आलं नाही.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तालुक्याच्या गावी काही निवृत्त शिक्षक आणि वकील मिळून एक छोटं इतिहास मंडळ चालवत. बांधावर, उकिरड्यावर पडलेले कोरीव दगड ही माणसं स्वतः वाहून आणत. मला त्यांच्याबद्दल आदर होता. एका सकाळी मंडळाचे चिटणीस फिर्याद घेऊन आले. वीरगळ चोरीला गेला होता. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. त्यांनी फोटो दिला: स्वच्छ काळा दगड, तलवार धरलेला माणूस, बाजूला गाई.

दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने खबर दिली. भर दुपारी त्याने एका म्हाताऱ्याला गोणपाटात गुंडाळलेल्या जड ओझ्यासकट सोनगीरच्या पुढच्या एका खेड्यात सोडलं होतं.

म्हातारा लगेच सापडला. गाव त्यांना आबा म्हणे. घरात लग्नाची गडबड होती, नातीची हळद चार दिवसांवर आली होती. आम्ही घर, गोठा, कपाशीचं शेत पालथं घातलं. काही मिळालं नाही. पंचनामा लिहायला निंबाखालच्या ओट्यावर बसलो. ओट्यावर शेंदूर फासलेला देव होता. हवालदाराने बूट काढले. मीही टोपी काढून हात जोडले. मग आबांना गाडीत घातलं.

"हळद होऊ द्या साहेब," ते म्हणाले, "मंग मी सोता येस."

मी ऐकलं नाही. ठाण्यात दोन तास एकच प्रश्न विचारला.

"दगड कुठे आहे?"

"माले दगड ठाऊक नही, साहेब."

खोटं बोलणारा माणूस उत्तराआधी क्षणभर तुमच्या तोंडाकडे पाहतो. आबा पाहत नव्हते. मी आवाज चढवला, अरे-तुरेवर आलो. शेवटी शिरपूरकडचा माझा हवालदार चहा घेऊन आला आणि सहज म्हणाला, "आबा, देव कोठे शे?"

"देव ना? आपला जागावर शे. आखो कोठे ऱ्हाई?" आबांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमना साहेबनी हात जोडात ना त्याले."

हवालदार हसू दाबत बाहेर गेला.

मग आबांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, रस्ता रुंद होणार, देव चिरडला जाईल, असं सांगून मंडळाने तो नेला. रस्ता पलीकडून गेला. देव परत आला नाही. मंडळाने त्याचा शेंदूर खरवडला. आबांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची पहिली हळद त्याला लागायची. एका दिवसापुरता तरी द्या, म्हणून आबा दोनदा मंडळात जाऊन आले. हळदीतेलाने दगड खराब होतो, असं उत्तर मिळालं. मग ते जेवणाच्या सुट्टीत गेले, देव घेऊन आले आणि पुन्हा शेंदूर फासून ओट्यावर बसवला.

"तुझा देव कशावरून?" मी विचारलं.

"तुमना बाप तुमना कशावरून, साहेब?"

मी टेबलावर हात आपटला. त्यांनी शांतपणे त्या वीराचं नाव सांगितलं, कोणाची गुरं सोडवताना कुठल्या नाल्यात पडला तेही सांगितलं. जबाब लिहिणाऱ्या शिपायाला मी म्हणालो, "हे घेऊ नकोस. गुन्ह्याशी संबंध नाही."

वीरगळ त्याच संध्याकाळी जप्त केला. लग्न होईपर्यंत तो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागताच हजर करण्याच्या हमीवर, गावातच राहू द्यावा, असा अहवाल मी न्यायालयाला देऊ शकलो असतो. दिला नाही. मंडळाकडे दगड कोणत्या कागदाने आला, हे एकदाही विचारलं नाही. शिकलेल्या माणसाचा शब्द मी पुरावा धरला आणि पुरावा मागितला तो फक्त अडाण्याकडे. हा अन्याय होता, आणि तो कायद्याच्या भाषेत करणारा मीच होतो.

मंडळाने मोठ्या मनाने तक्रार मिटवली. पण तोवर नातीची हळद होऊन गेली होती. ती रिकाम्या ओट्याला लागली. पुढच्या वर्षी आबा गेले.

निवृत्तीनंतर मी मंडळाच्या दालनात गेलो. दगड चकचकीत होता. खाली चिठ्ठी होती: 'वीराचे नाव अज्ञात'. मी थेट आबांच्या नातीचं सासर गाठलं. ती म्हणाली, "आबालेच ठाऊक व्हतं, भाऊ. आम्ही नुसता देवच म्हनूत."

जबाब म्हणजे समोरचा माणूस जे सांगतो ते. आपल्याला हवं तेवढंच लिहून घेणं म्हणजे जबाब नव्हे. नोकरीत ही गोष्ट मी नव्या पोरांना अनेकदा शिकवली, स्वतः मात्र फार उशिरा शिकलो. जबाब लिहिणारा शिपाईही आता राहिला नाही. ते नाव पूर्ण ऐकलेला, आज हयात असलेला कदाचित मी एकटाच आहे. मला ते आठवत नाही.