अम्मींची चक्कर

बीडमधला माझा मिस्त्री कमी बोलतो. जुन्या फोर-बाय-फोर पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे डोंगरातल्या वाटांसाठी कडक करून मागितले, तर म्हणाला, "रोज बी हीच चालवता ना? मग अम्मीला इचारू."

कुठलीही गाडी झाली की तो म्हाताऱ्या आईला शेजारी बसवून खडीच्या रस्त्यानं चक्कर मारायचा. त्या कमरेला हात लावून उतरल्या, की पाटे पुन्हा खोलायचा. मला राग यायचा. गाडी माझी, कौल मात्र अम्मींचा!

अम्मी दोन महिन्यांपूर्वी गेल्या. परवा नवे शॉकअप बसवल्यावर त्यानं चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः अम्मींच्या जागेवर बसला. चक्कर मारून आलो, तसा कमरेला हात लावून उतरला.

"लई कडक हाय," म्हणाला आणि पाना घेतला.