गिटारीतलं लुकण

गिटार माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला जीभ रेटणार नाही. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या खोलीत कंधारचा एक मुलगा होता, ती त्याची. त्याची ताई सरकारी दवाखान्यात नर्स झाली आणि पहिल्या पगारातून तिनं भावाला ती घेऊन दिली. तो ती रोज पुसून जुन्या चादरीत गुंडाळून ठेवायचा.

मला धड दोन सूर काढता येत नव्हते, पण सुट्टीत उदगीरला जाऊन मिरवायची हौस दांडगी. मागितली, त्यानं लगेच दिली. एवढंच म्हणाला, "उन्हात ठिवू नको फक्त."

त्या वर्षी दुष्काळ होता. आड आटले होते, गल्लीत दोन दिवसांआड टँकर यायचा. तरी आई अंगणात चिमण्यांसाठी रोज वाटीभर पाणी ठेवायची. मी चार दिवस मिरवलो आणि हौस फिटल्यावर गिटार पत्र्याखालच्या माळ्यावर टाकली. उन्हात नाही ना, मग झालं, हे माझं शहाणपण. महिन्यानं काढली, तर तारा अडकवतात त्या घोडीपासून खालच्या कडेपर्यंत फळीला चीर गेलेली.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. आमचं लोखंडी सामानाचं दुकान. पाटी सागवानी, अक्षरं कोरलेली. चीर दिसली त्याच आठवड्यात वडिलांनी पेंटर बोलावला. त्यानं 'जि. उस्मानाबाद'च्या खाचांत पिवळं लुकण, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, दाबलं, वाळल्यावर घासलं, वर 'जि. लातूर' रंगवलं. जुना जिल्हा कुठं होता ते शोधूनही सापडेना. उरलेलं लुकण मी उचललं आणि चिरेत दाबलं. पॉलिश पेपर मारला, वार्निशचा हात दिला. खोटं कशाला बोलू, स्वतःच्या कसबाचं मला कौतुकच वाटलं.

परत गेल्यावर त्यानं तारा छेडल्या. "आवाज बसल्यावानी वाटून राहिला रे."

"हवा बदलली की होतं तसं," मी म्हणालो. वर नव्या जिल्ह्याच्या पाटीचा किस्सा त्याला लुकणासकट रंगवून सांगितला. इतका मी निर्लज्ज, किंवा मूर्ख.

पावसाळा सरता सरता लुकणाच्या दोन्ही बाजूंनी लाकूड आणखी फाटलं. आपल्याच हातून काही झालं, असं त्याला वाटलं. "ताईला पत्रात काय लिहू?" त्यानं मला विचारलं. मीच म्हणालो, "कशाला लिहितोस?"

शेवटी आम्ही ती नांदेडला पेटी-तंबोरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे नेली. चाचांनी चिरेवर नख फिरवलं, पिवळा भुगा चिमटीत धरला आणि भडकले.

"लाकूड तहानलं व्हतं रे. आत ओलं फडकं टांगून आठ दिवस झाकून ठिवलं असतं, तर चीर आपोआप मिटत आली असती. मग सरस लावायचा, आतून पट्टी, बस. पावसाळ्यात लाकूड फुगलं, मिटाया बघत व्हतं. ह्या लुकणानं मिटू दिलं न्हाई. कुनी केली ही अक्कल?"

चिमण्यांच्या वाटीतलं पाणी पुरलं असतं. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. पण त्याआधी तो म्हणाला, "मीच केलं, चाचा."

चाचांनी त्याला फैलावर घेतलं. शिकल्या-सवरल्याला शोभतं का, कुणाच्या कष्टाची चीज ही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, आणि तोंड मिटून घेतलं होतं. माझ्या वाटची बोलणी दुसरं कुणी खात असेल तर बरंच, असं त्या क्षणी मला वाटलं, ते आजही आठवलं की अंग चोरल्यासारखं होतं.

आठवड्यानं गिटार मिळाली. चाचांनी लुकण कोरून काढून लाकडाची काडीएवढी चीप बसवली होती. आवाज परतला होता, मात्र फिक्या लाकडाची एक रेघ राहिली. बसमध्ये तो गिटार मांडीवर घेऊन बसला. बराच वेळ त्या रेघेवर बोट फिरवत होता.

"तुमच्या दुकानाची पाटी कशी हाय रे आता?" त्यानं विचारलं. "जुनं नाव दिसतंय का?"

त्याला सगळं कळलं होतं. अजूनही बोलायला जागा होती. त्यानंच करून दिली होती.

"न्हाई," मी म्हणालो, "काहीच दिसत न्हाई."