खुर्चीतला व्हिडिओ गेम

आता मोबाईलवर असतो त्याला नुसतं गेम म्हणतात. पण सत्त्याण्णव सालच्या आसपास आमच्या नाशिकरोडच्या गल्लीत व्हिडिओ गेम म्हणजे एकच. हातात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा, वरून विटा पडणारा. टीव्हीला जोडतात तो कॅसेटचा गेम, तो बड्या लोकांचा.

आमचे हे, निवृत्ती, तेव्हा थोरल्या भावाशी भांडून, त्यांचं निफाडचं सलून सोडून आले आणि इथं केस कापायचं दुकान टाकलं. ते थोरले, देवराम भावजी, म्हणाले होते, "नाशकात तुला कुत्रं विचारणार नाय. दिवाळीला माझ्याच दुकानात झाडू मारायला येशील." ह्यांच्या जिवाला फार लागलं ते. माझ्याही.

गिऱ्हाईक थांबावं म्हणून ह्यांनी बाकड्यावर व्हिडिओ गेम ठेवला. झालं! नंबर आला तरी उठेल तर शपथ. "तुम्ही घ्या आधी, माझा डाव चाललाय." शेजारचा त्याच्यात डोकं घालून बसलेला, तोही हलेना. बाकडं भरलेलं, खुर्ची रिकामी. बाहेरच्याला वाटे, गर्दी आहे. तो सरळ पुढच्या सलूनमध्ये जाई. दसरा आला तरी धंदा नाही.

एकदा मी डबा घेऊन गेले नि डोकंच फिरलं. "अहो, बाकड्यावर कशाला देता? खुर्चीतल्याला द्या की!" खुर्चीवरच्या फळीवर एक पोर गळा काढत होतं. मी गेम हिसकावला आणि त्याच्या हातात कोंबला. पोर गप्प. मान खाली, बोटं चालू. मागचे केस झाले. पुढचे कापायचे तेव्हा हे म्हणाले, "वर धर, राजा," की मानही वर.

मग काय, पोरंच आयांना ओढत आणायला लागली. पाटीवर दुकानाचं नाव वेगळं होतं, पण सगळे 'व्हिडिओ गेमवाल्याकडे' म्हणत. दिवाळीत जेवायलाही सवड मिळाली नाही.

तीन-चार वर्षांनी भावजी दारात उभे. कडेवर नातू, रडून लाल, केस अर्धवट कापलेले.

"माझ्याकडं बसत नाय रं हा. तू बघतो का?"

मला चांगलं सुनवायचं होतं. पण ह्यांनी फळी पुसली, पोराला बसवलं, गेम दिला आणि मला म्हणाले, "दादाला चहा सांग."

भावजी गिऱ्हाइकासारखे बाकड्यावर बसले. ह्यांच्या कात्रीकडे बघत राहिले.

"कानामागं कापायची तऱ्हा माझीच हाय की."

"मग, शिकवलं कोणी?" हे म्हणाले.

आणि दोघंही रडायला लागले. भर दुकानात!