न पिता पुढे दिलेला प्याला

"मुलगा सुरतेला असतो, गुजरातेत दारूबंदी आहे," एवढ्या भरवशावर वडिलांनी मला नगरहून सुरतेला दिली. आता काय म्हणावं! लिंबायतच्या आमच्या चाळीत दूधवाल्याच्या आधी दारूवाला यायचा, सायकलच्या ट्यूबमध्ये माल भरून.

आमचे हे लूमच्या कारखान्यात होते. माणूस सोन्यासारखा, पण पिऊन आले की भिंतीशी भांडायचे, आणि भिंत उत्तर देत नाही म्हणून माझ्याशी. एकदा पिऊन पाळीवर गेले आणि मागावर सूत नेणारा धोटा उडून कपाळावर बसला. शेठने टाके निघाल्यावर परत घेतलं, पण वास आला तर त्याच दिवशी घरी, असं बजावून. माझा भाऊ तर त्याच्याही वरताण. नगरहून आला आणि यांच्या तोंडावर म्हणाला, "पुन्हा एक थेंब प्यायलात, तर हिला आणि पोरीला मी घेऊन जाणार." हे मान खाली घालून बसले होते. मला दोघांचाही राग आला. मला माझं घर सोडून कुठेही जायचं नव्हतं.

त्या नाताळापासून यांनी सोडली. रोज पाळीवर जाण्याआधी गुडघे टेकायचे आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "प्रभू, आजच्या दिवस ती माझ्यासमोर येऊ देऊ नकोस." झाली प्रार्थना. माझा प्रभूवर पूर्ण विश्वास होता, यांच्यावर काडीचा नव्हता. संध्याकाळी हे दारात आले की मी आडवी उभी राहायची. "हं, हा करा." हे निमूट तोंड उघडायचे, मी वास घ्यायची, मगच आत. शेजारणी हसायच्या. हसू देत, म्हणायची मी.

आमची मराठी मंडळी लहानशी. गुजराती मंडळींची उपासना आटोपली की दुपारी त्यांच्याच चर्चमध्ये आम्ही जमायचो. पाळकसाहेब नंदुरबारकडून यायचे, त्यामुळे प्रभुभोजन, म्हणजे एका भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट, वर्षातून मोजक्या वेळी. पिणाऱ्याला त्यात घेत नसत. हे कित्येक वर्षं शेवटच्या बाकावर बसून इतरांच्या हातात जाणारा प्याला बघायचे. त्या ईस्टरला पाळकसाहेब म्हणाले, यांना पुन्हा घेऊ. आणि प्याल्यातला द्राक्षारस या वेळी तुम्ही करा, असं मला सांगितलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

दारूबंदीच्या राज्यात विकतचा द्राक्षारस कुठला? काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करून गाळायच्या आणि ते पाणी चांगलं उकळायचं, अशी आमच्या घरची पद्धत. मी हौसेने गुरुवारीच भिजवल्या. गुड फ्रायडे उपासनेत गेला. शनिवारी रॉकेलच्या रांगेत माझा नंबर येईपर्यंत रॉकेल संपलं आणि घरातला स्टोव्ह कोरडा ठाक. शेजारणीकडे मागायला माझं नाक आडवं आलं. म्हटलं, एक दिवस नाही उकळला तर काय होतंय? रस गाळला, बाटलीत भरला आणि वर बूच ठोकून बसवलं. सुरतेचा उन्हाळा मला काय नवा होता? पण हौसेच्या भरात अक्कल गहाण टाकली होती.

रविवारी दुपारी चर्चचे पत्रे तापले होते. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. भाकर मोडून झाली. पाळकसाहेबांनी बाटलीचं बूच काढलं, आणि फस्स झालं.

त्यामागून वास आला, हलकासाच, पण तो मी गाढ झोपेतही ओळखला असता. पाळकसाहेबांना तपकिरीची सवय, त्यांच्या नाकाला कशाचाच पत्ता नव्हता. त्यांनी प्याला भरला आणि पुरुषांकडे दिला. पहिल्या गृहस्थांनी घोट घेतला, भुवया उंचावल्या आणि, खोटं सांगत नाही, आणखी एक घोट घेतला. त्यांच्या शेजारी आमचे हे.

उठू? ओरडू? प्रभुभोजनात बाईमाणसाने तोंड उघडायची रीत नव्हती. यांनी दोन्ही हातांनी प्याला घेतला. ओठांपर्यंत नेला. आणि तिथेच थांबले. प्रभू, मी मनात किंचाळले, माझ्या हाताने मीच यांना पाजतेय, आता तूच बघ! भाऊ सामान बांधायला उभाच आहे असं मला दिसत होतं.

यांनी डोळे मिटले. मग न पिताच प्याला पुढे दिला.

न पिता पुढे देणं म्हणजे मनात पाप असल्याची कबुली. ते सगळ्यांना माहीत. माना वळल्या. शेजारच्या मावशींनी मला कोपराने ढोसलं, "पुन्हा सुरू केली वाटतं गं?" यांच्या कपाळावरचा व्रण लाल झाला होता, पण तोंडातून शब्द नाही. रस कोणी केला ते यांना माहीत होतं ना! ते पाहिलं आणि म्हटलं, रीत गेली चुलीत.

"पाळकसाहेब, प्याला थांबवा," मी उभी राहून म्हणाले. "रस मी केलाय. आंबलाय तो. त्याची दारू झालीय. यांनी ओळखली म्हणून घेतली नाही."

पाळकसाहेबांनी नाक पुसलं, प्याला हुंगला, बाहेर जाऊन भिंतीकडेला ओतला आणि माठातल्या पाण्याने भरून आणला. "प्रभूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला होता," ते म्हणाले, "आपल्याकडे उलटं झालं." हसायचं की नाही ते कोणाला कळेना. पण या वेळी त्यांनी प्याला आधी आमच्या यांच्या हातात दिला. यांनी घोट घेतला आणि मगच प्याला पुढे दिला.

घरी जाताना मी चिडलेच. "अहो, बोलला का नाहीत? सगळे तुम्हालाच नावं ठेवत होते!"

"काय बोलणार? तुझं नाव घेऊ?" मग म्हणाले, "रोज प्रभूला म्हणत होतो, ती समोर येऊ देऊ नकोस. आज त्याच्याच प्याल्यातून आली. त्याला म्हटलं, तुझ्या हातून आली तरी नको." मी भर रस्त्यात पदर तोंडाला लावून रडले. पोर घाबरून माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर हे आले, नेहमीसारखे उंबऱ्याशी थांबले आणि आपणहून तोंड उघडलं.

मी दारातून बाजूला झाले. "मिटा ते तोंड, माशी जाईल," मी म्हणाले. "आत या."