अण्णांच्या हातातली शॅम्पेन

भूत, भानामती, करणी... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे मी. गेजमध्ये बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट, डोकं तसंच चालतं. तरीपण गेल्या खंडेनवमीला, भर दुपारी, रहाटणीच्या आमच्या फ्लॅटमध्ये जे झालं ते सांगतो. तुम्हाला काही सुचतंय का बघा.

माझे वडील, अण्णा, तीस वर्षं पिंपरीला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. गाडीच्या टाकीवर पूर्वी सोनेरी रेघ असायची ना, ती ते हाताने ओढायचे. श्वास धरायचा, ब्रश टेकवायचा आणि टोकापर्यंत उचलायचा नाही. मशिन बसवायला आलेला एक फ्रेंच साहेब त्या रेघांवर इतका खूश झाला, की जाताना त्याने अण्णांना शॅम्पेनची बाटली दिली. साधीसुधी नव्हे. हिरव्या काचेवर कुणा चित्रकाराने पांढऱ्या रंगात बगळ्यांची रांग काढलेली. वर्षही छापलेलं, माझ्या जन्माच्या आधीचं. अण्णा त्या बगळ्यांच्या मानेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हात उचलला न्हाई बघ गड्यानं."

अण्णा म्हणजे सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस. बाटली शोकेसमध्ये उभी राहिली ती राहिलीच. दर खंडेनवमीला आम्ही अण्णांचे ब्रश, पान्हे, माझा मोजमापाचा व्हर्निअर पूजेला मांडतो, त्यांच्यात तीही. हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं. आई म्हणायची, "दारूची पूजा करणारं आपलंच एक घर!" त्यावर अण्णा, "दारूची न्हाई गं, हाताची."

त्याच्या आदल्या वर्षी अण्णांना ताप आला आणि वास, चव दोन्ही गेलं. डॉक्टर म्हणाले येईल, येईल... खंडेनवमीपर्यंत अकरा महिने झाले, आलं नाही. माणूस जेवेनासा झाला. "माती खाल्ल्यागत लागतंय," म्हणत दोन घासांत उठायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आई तर ताटाकडे बघत बसायची.

त्या दिवशी बाटली पुसता पुसता अण्णा एकदम म्हणाले, "आज उघड ही. पुढल्या खंडेनवमीला मी आसंन, नसंन."

"सणासुदीचं अभद्र बोलू नका हो!" आई भडकली. मी मात्र संदेशला फोन लावला. हा माझा शाळेतला मित्र, हिंजवडीकडे एका मोठ्या हॉटेलात बार सांभाळतो. आला, बाटली बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे भावा, इतकी वर्षं उभी? आणि उन्हात? हिला आडवी ठेवतात. नाहीतर बूच सुकतं, हवा शिरते. मेली असणार ही."

"आडवीला हळदकुंकू कसं वाहायचं?" आईने विचारलं. संदेश बुचावरची तार सोडवायला लागला.

बूच निघालं... फट् नाही, फुस्स नाही. तीन ग्लासांत ओतली. रंग जुन्या मधासारखा, पण बुडबुडा एक नाही. मी घोट घेतला. चिंचेचं पाणी, दुसरं काही नाही.

मग अण्णांनी आपला ग्लास उचलला. आणि... कसं सांगू? तळातून एक बुडबुडा निघाला. त्याच्यामागे दुसरा. मग बारीक सोनेरी रेघच, सरळ वरपर्यंत, न तुटता. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात ती रेघ चालूच. खालच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा ऐकू येईनात. किती वेळ आम्ही बघत राहिलो, कोण जाणे. फार बरं वाटत होतं एवढं आठवतं.

भानावर येऊन मी ग्लास माझ्या हातात घेतला. बंद! परत अण्णांना दिला, सुरू. क्वालिटीवाला ना मी, ग्लास बदलून तीनदा तपासलं. माझ्या हातात मेलेली, त्यांच्या हातात जिवंत.

अण्णांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. "भाजलेला पाव," ते हळूच म्हणाले. "सुकलेलं सफरचंद... अक्रोड. आन् लांब कुठंतरी ओला खडू." एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून बसले.

"राव, चांगली जुनी शॅम्पेन अशीच लागते," संदेश माझ्या कानात कुजबुजला. "आम्हाला शिकवतात ते हेच शब्द. यांना कुणी सांगितले?" बुडबुड्यांचं म्हणशील तर ग्लासात फडक्याचा धागा राहिला असेल, त्यावरूनही बुडबुडे सुटतात, असंही म्हणाला तो. धागा काय माणूस ओळखतो?

मग आईने पानं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी. अण्णांनी आमटीचा भुरका मारला, थांबले, आठी घातली. "अगं, मीठ न्हाई हिच्यात."

मी माझी वाटी चाखली. मीठ होतं की व्यवस्थित!

आई पळी हातात धरून तशीच उभी होती. एकदम हुंदके देऊन रडायलाच लागली.

"त्यांची वाटी मीठ घालायच्या आधीच काढून ठेवायचे रे," ती म्हणाली. "अकरा महिने. म्हटलं, एक दिवस तरी ओरडतील."